रस्त्याचे मोल

सांताक्रूझमध्ये राहणाऱ्या माणसाला दिशांचे एक वेगळेच भान असते. उत्तर-दक्षिण जायचे तर वाटा पुष्कळ आहेत. स्वामी विवेकानंद मार्ग आहे, लिंकिंग रोड आहे, पश्चिम रेल्वे आहे आणि पूर्वेच्या अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे. परंतु रुळांच्या एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला जाऊ म्हणेल तर मिलन सबवे, त्याच्याजवळ २०१३ साली खुला झालेला पूल आणि खारचा सबवे एवढ्यांवरच त्याची भिस्त असते. पावसाचा जोर वाढला की त्यातला मिलन सबवे आधी पाण्याखाली जातो, हे मुंबईतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. महामार्ग ओलांडून वाकोला, कलिना आणि पुढे कुर्ला गाठायचे तर ती निराळीच तपश्चर्या.

धर्मगुरूच्या कामात फिरणे फार. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्ध भाविकांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद द्यावा लागतो. अवेळी कोणाच्या अंत्यसमयाचे बोलावणे येते. ही कामे मी अलीकडे शक्यतो पायीच करतो. त्यात तपस्येचा भाग काही नाही. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत आमच्या भागात पायी चालणारा माणूस मोटारीच्या आधी पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ. चालता चालता बाजूच्या रांगेकडे नजर जाते. काचा वर केलेल्या, वातानुकूलन चालू असलेल्या मोटारी एकामागे एक उभ्या असतात. बहुतेकींत माणूस एकच. त्यांच्यामध्ये कोठेतरी बेस्टची बस अडकलेली असते आणि तिच्यात पन्नास-साठ माणसे घामाघूम होऊन उभी असतात. रस्ता सर्वांचा, असे आपण म्हणतो. परंतु त्या पन्नास माणसांच्या वाट्याला रस्ता किती आला आणि काचेआडच्या एका माणसाच्या वाट्याला किती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ही उभी असलेली वाहने स्वस्थ उभी नसतात, ती जळत असतात. इंजिन चालू ठेवून थांबलेली साधी मोटार तासाला सुमारे अर्धा ते एक लीटर इंधन खाते आणि वातानुकूलनामुळे हा आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. एखाद्या चौकात हजार मोटारी रोज केवळ दहा मिनिटे अशा उभ्या राहिल्या तर ऐंशी ते एकशेसाठ लीटर इंधन एकही पाऊल पुढे न टाकता संपते. त्याखेरीज थांबत, सरकत, पुन्हा थांबत जाण्यात जे अधिक इंधन जाते ते निराळेच. इंधनाच्या काटकसरीसाठी मोटार ताशी ४५ ते ५५ किलोमीटर या वेगाने चालवावी, असे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे. सांताक्रूझच्या रहिवाशाला हा उपदेश ऐकून हसू येईल. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. आपल्या कितीतरी घरांतील मुले हे तेल जिथून निघते त्या आखाती देशांत उन्हातान्हात राबत आहेत. त्यांच्या श्रमाचा तो पदार्थ आपण सिग्नलपाशी धूर करून सोडून देतो आणि तोच धूर आपल्या दमेकरी आजी-आजोबांच्या छातीत भरतो.

यावर उपाय म्हणून आजवर आपण एकच गोष्ट केली : रस्ते वाढवले. १९९५ ते १९९९ च्या काळात मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांची योजना हाती घेण्यात आली. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. दशकभर रखडलेला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला, तेव्हा आमच्या लोकांना मोठा आनंद झाला होता. २०२४ साली सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. यांपैकी प्रत्येक कामाने कोणाची ना कोणाची सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नवा रस्ता मोकळा दिसला की जो माणूस कालपर्यंत लोकलने जात होता तोही मोटार बाहेर काढतो आणि काही वर्षांत रांग पूर्ववत होते. आज मुंबईच्या सुमारे दोन हजार किलोमीटर लांबीच्या रस्त्यांवर ४५ लाखांहून अधिक नोंदलेल्या वाहनांचा भार आहे. ह्या शहराला समुद्राने तीन बाजूंनी वेढलेले आहे. रस्ते वाढवून वाढवून आपण किती वाढवणार?

अर्थशास्त्रज्ञांनी या व्याधीचे निदान फार पूर्वी केले आहे. १९२० साली केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर पिगू यांनी दोन रस्त्यांचे उदाहरण देऊन दाखवून दिले, की गर्दीच्या रस्त्यावर येणारा प्रत्येक प्रवासी आपला वेळ तेवढा मोजतो. आपल्यामुळे इतरांचा जो वेळ जातो त्याचा हिशेब तो करीत नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठातील विल्यम विक्री यांनी १९५९ साली अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे अशी सूचना मांडली, की वॉशिंग्टन शहरातील रस्त्यांवर गर्दीच्या वेळी वाहनांकडून अधिक शुल्क घ्यावे आणि एरवी कमी घ्यावे किंवा मुळीच घेऊ नये. त्या काळी लोकांना ती कल्पना विक्षिप्त वाटली. विक्री हे क्वेकर पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर अवघ्या तीन दिवसांत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराचे मर्म आपल्याला मे महिन्यात सहज उमगते. शाळांना सुट्ट्या लागतात, काही कुटुंबे गावाला जातात. शहर काही रिकामे होत नाही. वाहने थोडीशीच कमी होतात. तरीही रस्ता एकदम मोकळा वाटू लागतो. काठोकाठ भरलेल्या पेल्यात एक थेंब पडला तरी पाणी सांडते. दोन चमचे काढून घेतले तर पेला निर्धास्त उचलता येतो. रस्त्याचेही तसेच आहे. सर्वांनी मोटार सोडावी, अशी कोणाची मागणी नाही. शंभरांतील दहा-पंधरांनी वेळ बदलली, वाहन बदलले किंवा शेजाऱ्याला बरोबर घेतले, तरी उरलेल्या पंचाऐंशींचे इंधन वाचते.

जगात हा प्रयोग प्रथम सिंगापूरने केला. २ जून १९७५ पासून शहराच्या मध्यभागात सकाळच्या वेळी शिरणाऱ्या मोटारीला दिवसाला तीन डॉलरचा परवाना घ्यावा लागे. मात्र चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारीला तो माफ होता. त्या वेळात येणारी वाहने चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. १९९८ पासून तेथे ही वसुली वाहन न थांबवता यंत्राने होऊ लागली. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्यवर्ती भागात पाच पौंडांचे शुल्क सुरू केले. पहिल्या वर्षात त्या भागात शिरणारी वाहने सुमारे अठरा टक्क्यांनी आणि खोळंबा सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाला. निव्वळ उत्पन्न किमान दहा वर्षे वाहतुकीच्या सुधारणेवरच खर्च करण्याचे बंधन कायद्याने घातलेले होते आणि त्यातला मोठा भाग बसगाड्यांसाठी गेला. पुढे खोदकामांमुळे व अन्य कारणांमुळे लंडनमधील खोळंबा पुन्हा वाढला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकदा शुल्क लावले की कायमची सुटका झाली, असे नाही.

मला सर्वांत उद्बोधक वाटते ती स्टॉकहोमची कथा. तेथील बहुसंख्य नागरिक या योजनेच्या विरोधात होते. सरकारने ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असे सात महिने ती केवळ प्रयोग म्हणून राबवली. वाहने सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली. मग शुल्क बंद करण्यात आले आणि लोकांना पूर्वीच्या रांगा पुन्हा दिसल्या. सप्टेंबरमध्ये जनमत घेण्यात आले, तेव्हा शहरातील बहुमत योजनेच्या बाजूने पडले आणि ऑगस्ट २००७ पासून ती कायम झाली. न्यूयॉर्कने बराच वादविवाद होऊन ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात गर्दीच्या वेळी मोटारीला नऊ डॉलर आकारण्यास प्रारंभ केला.

आणि आपल्या मुंबईचे काय? येथे बऱ्याच वर्षांपासून वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा पाच नाक्यांवर पथकर घेतला जात होता. उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी तो होता. गर्दी आवरण्याशी त्याचा संबंध नव्हता. पहाटे तीन वाजता येणाऱ्यालाही तोच दर आणि सकाळी नऊ वाजता येणाऱ्यालाही तोच. वर त्या नाक्यांवरच्या रांगांत इंधन जळे ते वेगळेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर हलक्या वाहनांना हा कर माफ झाला. मोटारवाल्यांचे पंचेचाळीस रुपये वाचले. पुढे ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. दोन्ही निर्णयांची कारणे वेगवेगळी असतील. बेस्टचा तोटा खरा आहे. तथापि दोन्ही एकत्र ठेवून पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. सात-आठ महिन्यांच्या अंतराने या शहराने मोटारीने येणाऱ्याचा भार हलका केला आणि बसने जाणाऱ्याचा दुप्पट केला. त्याच २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने दूर करता येतील काय, याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले होते. म्हणजे एक हात धूर आवरू पाहतो आहे आणि दुसरा धुराला वाट मोकळी करून देतो आहे.

हे सारे मोठ्या शहरांचे आणि सरकारांचे झाले. या विषयाची धग मला जाणवली ती मात्र आमच्याच अंगणात. आमच्या धर्मग्रामात रविवारच्या सकाळी मंदिराचे आवार मोटारींनी गच्च भरत असे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेल्या मुलांना उभे राहायला जागा नसे. एके दिवशी, अंत्यविधीच्या वेळी, फाटकापर्यंत लागलेल्या मोटारींमुळे शववाहिनी आत येऊ शकली नाही आणि घरच्या माणसांनी शवपेटी भर रस्त्यातून खांद्यावर आणली. पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एका तरुण सभासदाने सूचना मांडली : रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळात आवारात मोटार आणणाऱ्याने पन्नास रुपये द्यावेत. अपंग, अशक्त वृद्ध आणि चार माणसे घेऊन येणारी मोटार यांना माफी असावी. जमा होणारा पैसा ज्यांच्याकडे वाहन नाही अशा वृद्धांच्या रिक्षाभाड्यासाठी वापरावा.

सभा तापली. "फादर, देवाच्या दारात टोल घेणार काय तुम्ही?" एक ज्येष्ठ गृहस्थ उसळून म्हणाले. दुसरे म्हणाले, "ज्याच्याकडे पैसा आहे तो पन्नास टाकून खुशाल येईल. मरण आमच्यासारख्या मधल्या माणसाचे." हा दुसरा आक्षेप खोटा नव्हता. मी काही बोलण्याच्या आत मागच्या बाकावरून एक विधवा बाई उठल्या. एरवी त्या सभेत तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "फादर, गुडघे दुखतात म्हणून मी दर रविवारी येऊन-जाऊन पन्नासाच्या वरच रिक्षाला देते. माझ्यावर टोल आहेच की. तो कोणी कधी सभेत विचारला नाही." त्यावर कोणाला लगेच उत्तर सुचले नाही.

सूचना सहा महिन्यांच्या प्रयोगापुरती मान्य झाली. जे घडले ते असे. मोटारी बऱ्याच कमी झाल्या. काही शेजारी एकाच मोटारीने येऊ लागले. त्यांतले दोन तर आधी एकमेकांशी बोलतही नव्हते. काहींनी संध्याकाळची मिस्सा धरली. काहींनी विनातक्रार पैसे दिले. मुलांना अंगण मिळाले आणि आठ-दहा वृद्धांची रिक्षाची सोय झाली. त्याचबरोबर एक जुने कुटुंब रागावून दुसऱ्या धर्मग्रामात जाऊ लागले. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, आपुलकीने बोलले, परंतु ते अजून परतलेले नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा सभा झाली तेव्हा योजना चालू ठेवण्याच्या बाजूने हात अधिक वर आले. स्टॉकहोमच्या लोकांचे मत का पालटले असेल, ते मला त्या दिवशी थोडे कळले. नियमाचा त्रास आधी दिसतो. लाभ अनुभवावा लागतो.

"मधल्या माणसाचे मरण" हा आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. आमच्याच धर्मग्रामात रिक्षा चालवणारे एक गृहस्थ आहेत. ते मला म्हणाले, "फादर, रांगेत उभा राहिलो की गॅस माझा जळतो आणि फेऱ्याही माझ्याच बुडतात. पण उद्या सरकारने माझ्या रिक्षावरही कर लावला तर मी काय करायचे?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. ज्याचे वाहन हेच पोट आहे त्याला आणि ज्याचे वाहन ही सोय आहे त्याला एकाच तराजूत तोलता येणार नाही. तसेच, मोटार सोडणाऱ्याला दुसरे साधन हवे. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. आज त्या तीन हजारही उरलेल्या नाहीत. बस वेळेवर येत नसेल तर शुल्क म्हणजे केवळ दंड. दुसरीकडे, काही गोष्टी पूर्वीपेक्षा अनुकूल झाल्या आहेत. सांताक्रूझहून जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत पोहोचली. फास्टॅग २०२१ पासून महामार्गांवर सक्तीचा आहे, म्हणून पैसे घेण्यासाठी वाहन थांबवण्याचेही कारण उरलेले नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या एखाद्या भागात, जिथे मेट्रो पोहोचली आहे आणि जिथे मोटारीने येणाऱ्यांपैकी पुष्कळांची ऐपत आहे, तिथे सहा महिने प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे? बस, रिक्षा आणि रुग्णवाहिका यांना माफी असावी, पैशाचा जाहीर हिशेब असावा आणि तो पैसा बसगाड्यांनाच मिळावा. एवढ्या अटी पाळल्या तर ही योजना गरिबाच्या विरोधात जाणार नाही. कारण गरीब आजही किंमत मोजतोच आहे. त्याच्याकडून ती पैशांत न घेता आयुष्यातील तासांत घेतली जाते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात शहरांतील मोटारींच्या गर्दीचा मुद्दाम उल्लेख केला आहे. एक-दोन माणसांना वाहून नेणाऱ्या असंख्य मोटारींमुळे रस्ते तुंबतात, हवा बिघडते, इंधनाचे साठे आटतात, म्हणून सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम मिळावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. धर्माचा आणि वाहतुकीचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला पुन्हा वाचावा. तो रस्त्यावरच घडतो. त्या वाटेने एक याजकही गेला होता आणि न थांबता गेला होता, हे मी माझ्या व्यवसायबंधूंच्या आणि माझ्याही कानावर वरचेवर घालत असतो. शोमरोनी माणसाने जखमी माणसाला आपल्या वाहनावर बसवले. एका वाहनावर जखमी आडवा झाल्यावर तो स्वतः बहुधा चालतच उतारशाळेपर्यंत गेला असणार. आपली सोय थोडी सोडली म्हणूनच त्याला दुसऱ्यासाठी जागा करता आली.

वाचकहो, सरकारचा निर्णय होईल तेव्हा होईल. तो जेव्हा चर्चेला येईल तेव्हा माझे पाच-पन्नास रुपये जातील काय, एवढाच प्रश्न विचारून आपण थांबू नये. त्या पैशाची बस होणार आहे काय, हे अवश्य विचारावे आणि होणार असेल तर 'हो' म्हणण्याचे धैर्य दाखवावे. तोपर्यंत ज्यांची मुले एकाच शाळेत जातात त्यांनी एक मोटार वाचवावी, ज्यांचे कार्यालय मेट्रोच्या वाटेवर आहे त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तिने जाऊन पाहावे आणि सिग्नल लांबला तर इंजिन बंद करावे. प्रायश्चित्तकाळात आपण मांस वर्ज्य करतो. या वर्षी त्याच्या जोडीला एखाद्या घराने शुक्रवारी मोटार घरी ठेवली, तर मागून येणारी बस दोन मिनिटे लवकर पोहोचेल आणि तिच्यात उभी असलेली एखादी आई तितकी लवकर घरी जाईल.